वेशीचा फोटो कुणाकडंच नव्हता

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, रेडिओचा आवाज तेवढा जरा वाढवा. आम्ही फुलंब्री तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आजवर या रेडिओवर आम्ही शेवया-पापडाचं बोललो, कर्जाच्या हप्त्यांचं बोललो. आज फोटोचं बोलणार आहोत. लग्नातल्या फोटोचं नाही आणि स्टेटसला ठेवायच्या फोटोचंही नाही. वेस, बारव, वाडा, शाळा, कॉलेज अशा इमारतींच्या फोटोचं.

तुम्ही म्हणाल, बायांना हे काय सुचलं? तर आधी ते सांगतो.

आमच्या गावाला दगडी वेस होती. सासरी आलो तेव्हा तिच्याखालूनच आलो. रस्ता अरुंद पडायला लागला, उसाचा ट्रॅक्टर वेशीत अडकायचा. ग्रामसभेत विषय आला आणि वेस उतरवायचं ठरलं. दोष दुसऱ्या कुणाला देत नाही, हात आम्हीही वर केले होते. दोन दिवसांत जेसीबीनं काम संपवलं.

पुढच्या वर्षी शाळेत गुरुजींनी पोरांना सांगितलं, आपल्या गावच्या वेशीचं चित्र काढून आणा. पोरं घरी येऊन विचारायला लागली, वेस कशी होती? आणि मैत्रिणींनो, आम्हाला सांगताच येईना. एक म्हणाली, दिव्याचे कोनाडे दोन होते. दुसरी म्हणाली, तीन. कमान टोकदार होती की गोल, यावर तर भांडण व्हायची पाळी आली. तीस-तीस वर्षं आम्ही त्या वेशीखालून पाणी वाहिलं, पण तिला नीट बघितलं कुणीच नव्हतं.

मग आम्ही सगळ्यांचे फोन तपासले. वाढदिवस, डोहाळजेवण, गुड मॉर्निंगची फुलं, हजारो फोटो निघाले. वेशीचा एकही नाही. शेवटी एका घरी लग्नाचा जुना अल्बम निघाला. त्यात वरातीचा एक फोटो, आणि नवरदेवाच्या घोड्यामागं अर्धी कमान आणि एक कोनाडा. आमच्या वेशीचा आज तेवढाच पुरावा उरला आहे.

त्या दिवशी गटाच्या बैठकीत ठरलं की जे उरलंय त्याचे फोटो काढायचे. गावात अजून बारव आहे, दोन वाडे आहेत, जुनी शाळा आहे. पण काढायचे कसे? आमच्यातल्या एकीची लेक संभाजीनगरला विद्यापीठात शिकते. ती म्हणाली, "मावशी, आधी शहरात या. तिथं मोठमोठ्या इमारती आहेत, त्या काही हलत नाहीत. त्यांच्यावर हात बसवा, मग गावाकडं वळा."

घरी सांगितलं तर एकीचे मालक म्हणाले, "भिंतींचे फोटो काढायला शहरात चाललात? कामं संपली का?" ती म्हणाली, "कामं कधी संपत नसतात, म्हणूनच चाललोय." रविवारची पहिली एसटी धरली. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा हा उपयोग झाला. आठ जणी आणि पाच फोन.

फुलंब्रीकडून हर्सूलवरून शहरात शिरलं की दिल्ली दरवाजा लागतो. आजवर आम्ही तो एसटीच्या खिडकीतून बघितला होता. त्या दिवशी खाली उतरून बघितला. लेकीनं पहिलं काम काय केलं असेल? सगळ्यांचे फोन पिशवीत ठेवायला लावले. म्हणाली, "पाच मिनिटं नुसतं बघा. भोवती फिरा. मग सांगा काय दिसलं." तेव्हा कमानीच्या वरची नक्षी दिसली, बुरूज दिसले, भिंतीत उगवलेलं झाड दिसलं. हा आमचा पहिला धडा, आणि आजही आम्ही तो मोडत नाही. फोन काढायच्या आधी डोळ्यांनी बघायचं.

या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. दरवाजाचं तोंड ज्या दिशेला, तिकडच्या गावाचं नाव त्याला. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा. आपल्याकडंही वेशीला असंच ओळखतात ना? शहराभोवतीचा तट औरंगजेबानं १६८२ साली बांधला. आज तटाचे तुकडे उरलेत आणि दरवाजे रहदारीत उभे आहेत. भडकल दरवाजा तर त्याहून जुना, १६१२ सालचा. तो मलिक अंबरचा. मूळचा आफ्रिकेतल्या हबसाण देशचा, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढं निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली खडकी नावाच्या गावाच्या जागी त्यानं हे शहर वसवलं.

भडकल दरवाजापाशी आम्ही पहिले फोटो काढले. सगळेच बिघडले. दरवाजा मागं कलंडल्यासारखा आला. कारण आम्ही अगदी पायथ्याशी उभ्या राहून फोन वर तिरका केला होता. लेक म्हणाली, "मागं या. अजून मागं. फोन ओळंब्यासारखा सरळ धरा." रस्ता ओलांडून पलीकडं गेलो आणि फोन सरळ धरला, तर दरवाजाही सरळ उभा राहिला. दुसरी चूक म्हणजे फोटो धुरकट. पीठ, तेल, घाम, सगळं आपल्या फोनच्या काचेवर असतं. पदरानं काच पुसली आणि निम्मे फोटो सुधारले. तिसरी गोष्ट हात हलण्याची. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास क्षणभर रोखायचा आणि मगच बटण दाबायचं.

तिथं दोन पोरं हसली आमच्याकडं बघून. लुगड्यातल्या बाया रस्त्यात उभ्या राहून दगडाचे फोटो काढतायत म्हणून. आमच्यातल्या दोघी तर फोन पदराआड लपवायला लागल्या. तेव्हा लेकीनं चालता चालता दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो.

आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. लाला दीनदयाळ नावाचे मोठे फोटोग्राफर निजामाच्या दरबारात होते. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत फक्त बायांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, आणि तो चालवायलाही बाईच होती. दुसरी गोष्ट होमाई व्यारावाला यांची. १९१३ साली जन्मलेल्या होमाईबाई मुंबईत शिकल्या आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. पुढं त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे प्रसंग टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या दिल्लीत हिंडायच्या. मग आमच्या हातात तर एवढासा फोन आहे. त्यानंतर फोन पदराआड गेला नाही.

पाणचक्कीला गेलो. तिथं आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण जातं आम्हाला माहीत आहे. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून काही किलोमीटर आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली पाडलं. त्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरायची आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ निघायचं. बाईच्या दंडाचं काम पाण्यावर सोपवलं होतं. आमच्यातली एक आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या सासूला हे दाखवायला पाहिजे होतं."

दुपारी मकबऱ्याला पोहोचलो. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर, सतराव्या शतकातली. भर दुपारी फोटो काढले तर सगळं पांढरंफटक आलं, नक्षी दिसेचना. लेक म्हणाली, "मावशी, तांदूळ निवडताना ताट कसं धरता?" आम्ही म्हणालो, उजेडाकडं तिरपं. तिरप्या उजेडात बारीक खडाही दिसतो. "मग भिंतीचंही तसंच आहे. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर पडू द्या." आम्ही भाकरी खाल्ली, झाडाखाली पडलो आणि चारच्या पुढं परत उठलो. तेव्हा मात्र प्रत्येक पाकळी वेगळी उठून दिसली.

आणि फोटोत एक गोष्ट सापडली, जी डोळ्यांना सापडली नव्हती. फोटो मोठा करून बघताना एकीला भिंतीवर एक आडवी रेघ दिसली. रेघेच्या खाली एक पांढरा, वर दुसरा पांढरा. जवळ जाऊन बघितलं. खाली काही उंचीपर्यंत संगमरवर आहे. त्याच्या वर आपलाच काळा दगड आहे, त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा केलेला. पुन्हा घुमट संगमरवरी. गिलावा बघून आम्हाला आमच्या वाड्यांच्या भिंती आठवल्या. इथल्या मुख्य दरवाजावर दोन नावं कोरलेली आहेत, बांधकामाची आखणी करणारा अताउल्ला आणि इंजिनियर हंसपत राय. नावं कोरली म्हणून ती उरली. चुना मळणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायांची नावं कुठंच नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं की आपण फोटो काढला की त्या जागेची देखभाल करणाऱ्यांचं नावही वहीत लिहायचं.

आता एक चूक कबूल करतो. जुन्या शहरातल्या एका गल्लीत आम्हाला लाकडी कोरीव दार दिसलं. आम्ही भराभर फोटो काढायला लागलो. आतून एक म्हातारी बाहेर आली, घाबरलेली. "सर्व्हेला आलात का? घर पाडणार का आमचं?" आमचे हात थांबले. आम्हाला ती नक्षी दिसत होती, आणि तिला मात्र नोटीस दिसत होती. फोन हातात असला की समोरच्याला काय वाटत असेल, हे आम्ही आयुष्यभर दुसऱ्या बाजूनं सोसलं होतं. पाहणीला येणारे साहेब आमच्या पडक्या भिंतींचे फोटो न विचारता काढून नेतात, तेव्हा आम्हालाही अशीच धडकी भरते. आम्ही तिच्या ओट्यावर बसलो, काढलेले फोटो तिला दाखवले, "नको असतील तर पुसून टाकतो" म्हणालो. ती हसली. पाणी दिलं. आतले खांब दाखवले, कोणत्या खांबाला सासऱ्यांचा पाळणा होता तेही सांगितलं. जाताना एवढंच म्हणाली, "एक कागदावर काढून आणा मला." पुढच्या खेपेला आम्ही तिला फोटो छापून नेऊन दिला. तेव्हापासून आमचा नियम आहे. राहत्या घराचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. बाईमाणूस, लेकरं फोटोत येत असतील तर विचारायचं. नाही म्हणाली तर राम राम करून पुढं निघायचं.

दुसऱ्या खेपेला विद्यापीठाकडं गेलो. वाटेत नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय बघितलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली हे कॉलेज काढलं. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरं देणारा भिक्खू नागसेन, यांच्यावरून ही नावं पडली. प्रश्न विचारायला शिकवायचं म्हणून काढलेलं कॉलेज आहे, हे नावातच सांगून ठेवलंय.

विद्यापीठाचं आवार डोंगराच्या पायथ्याशी मोठं पसरलेलं आहे. जवळच सोनेरी महाल आहे, आता तिथं वस्तुसंग्रहालय आहे. पण आमचे सगळ्यांचे पाय थांबले ते विद्यापीठाच्या गेटपाशी.

हे गेट नुसतं गेट नाही, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. १९७८ साली बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगावी दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. सोळा वर्षं लढा चालला. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. दर वर्षी त्या तारखेला इथं माणसांचा पूर येतो.

आमच्यातली जी, जिची लेक आम्हाला शिकवत होती, तिच्या माहेरचं घर तेव्हा जळालं होतं. ती आईच्या कडेवर होती. इतकी वर्षं गटात शेजारी बसतोय, हे तिनं आम्हाला त्या गेटसमोर पहिल्यांदा सांगितलं. आणि आम्हीही तिला कधी विचारलं नव्हतं, हेही खरंच. आम्ही म्हणालो, "तू गेटपुढं उभी राहा, तुझा फोटो काढतो." ती नको म्हणाली. तिनं लेकीला हाक मारली. "दप्तर घे पाठीवर आणि रोज जातीस तशी आत जा. माझ्याकडं बघू नको." लेक चालायला लागली आणि आईनं फोटो काढला. वर नाव, मध्ये कमान आणि आत जाणारी पोरगी. शिकवल्याप्रमाणं फोन सरळ होता, हातही हलला नाही. आमच्या गटाच्या सगळ्या फोटोंत हा एक आम्ही मोठा करून बैठकीच्या खोलीत लावलाय. दरवाजातून आत कुणाला जाता येतं, हे त्या फोटोत दिसतं.

आता गावाकडं येतो. बारवेपासून सुरुवात केली. आमची पद्धत सांगतो, हवं तर लिहून घ्या.

प्रत्येक जागेचे तीन तऱ्हेचे फोटो काढायचे. एक लांबून, आजूबाजूचं झाड-रस्ता दिसेल असा. एक समोरून, पूर्ण इमारतीचा. आणि जवळून, एकेका कोनाड्याचा, शिल्पाचा, भेगेचा. लांबच्या एका फोटोत कुणाला तरी उभं करायचं, म्हणजे उंची कळते. जवळचा फोटो बोटांनी मोठा करून काढायचा नाही, चालत जवळ जाऊन काढायचा. बारवेत मात्र कडेवरून मागं सरकत फोटो काढू नका, आणि एकटीनं उतरू नका. आम्ही एकीला फक्त पाय बघायला ठेवतो.

मग वहीत नोंद. तारीख, जागा, फोटो कुठं उभं राहून काढला, आणि त्या जागेबद्दल कुणी काय सांगितलं. फोटो काढताना म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या. फोटोत दगड येतो, पण त्या दगडाला काय म्हणायचे ते त्यांनाच माहीत असतं.

आणि फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. याची एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठ्या नकला रंगवत होता. त्या लंडनला नेल्या, आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून बहुतेक सगळ्या जळाल्या. नंतरच्या काळात त्यानं कॅमेऱ्यानं काढलेले लेण्यांचे फोटो मात्र पुस्तकात छापले गेले होते, ते राहिले. म्हणून आम्ही फोटो दोन फोनमध्ये ठेवतो, एका पेनड्राइव्हमध्ये ठेवतो, आणि मुख्य फोटो छापून वहीत चिकटवतो. फोन विहिरीत पडतो, वही कपाटात राहते.

लेण्यांना जाणार असाल तर लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही, त्यानं रंगांना इजा होते. सरकारी संरक्षित जागी तिपाई लावायची तर परवानगी लागते, हातातल्या फोनचं तसं नाही.

बारवेच्या फोटोंचा उपयोग काय झाला? दिवाळीनंतर काढलेले फोटो आणि पावसाळ्यानंतर काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर उत्तरेच्या भिंतीतली भेग वाढलेली दिसली. आत पिंपळाचं मूळ शिरलं होतं. नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर "बायांना काय कळतं" म्हणाले असते. ग्रामसभेत दोन्ही फोटो छापून ठेवले. कुणाला काही बोलता आलं नाही. पिंपळ काढला. भिंतीची दुरुस्ती अजून व्हायची आहे, आम्ही मागं लागलोय. पण बारव उतरवायची भाषा आता कुणी करत नाही.

जिथं वेस होती, त्या मोकळ्या जागेचाही आम्ही फोटो काढलाय. तो वहीच्या पहिल्या पानावर आहे, वरातीच्या त्या अर्ध्या कमानीच्या शेजारी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटानं एवढंच करा. गावातली एक जुनी जागा ठरवा. पाच मिनिटं नुसती बघा. मग काच पुसा, फोन सरळ धरा आणि तीन फोटो काढा. वहीत तारीख घाला. आणि कुणी विचारलं, भिंतींचे फोटो कशाला काढता, तर आमच्या वेशीची गोष्ट सांगा.

राम राम, जय भीम, सलाम. भेटू पुन्हा.